भिंत लागेपर्यंत चालत राहा

अमरावती आणि अकोल्याच्या समस्त नागरिकांना, तसेच या दोन गावांच्या मध्ये बडनेऱ्याच्या फलाटावर ताटकळणाऱ्या सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आपल्या भागातला पहिला काँप्युटर कोणत्याही बँकेने किंवा सरकारी कचेरीने आणलेला नाही. तो पासष्ट-सहासष्टच्या सुमारास आमच्या कॉलेजात होता. उंची बेताची, रंग सावळा, अंगात पांढरा सदरा आणि ढगळ पँट, वरच्या खिशात तपकिरीची डबी. तो दर बुधवारी चालू व्हायचा. बाकीचे दिवस तो आम्हाला गणित शिकवायचा. आणि आम्ही त्याला सातही दिवस भ्यायचो.

भीती कसली, ते सांगायला हवं. सरांनी कधी कोणावर हात उगारला नाही. आवाज चढवला नाही. फिजिक्सचे मास्तर डस्टर फेकायचे, केमिस्ट्रीचे मास्तर आमच्या तीर्थरूपांचा उद्धार करायचे, त्या दोघांना आम्ही पुरून उरलो होतो. सरांची धास्ती निराळी होती. सर आमचं ऐकायचे. अक्षर न् अक्षर ऐकायचे. ज्या वयात घरात आमच्या शब्दाला दमडीची किंमत नव्हती, त्या वयात एक चष्मेवाला पोक्त माणूस समोर उभा राहून म्हणायचा, "तू सांग, मी तसंच करतो." आणि करायचा. आज माझी पन्नाशी उलटली. तरीसुद्धा मला कोणी "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं, की तळहाताला घाम सुटतो.

सरांचं हे वेड कानपूरचं. एका उन्हाळ्याच्या सुटीत तिकडे प्राध्यापकांसाठी वर्ग भरला होता. बाहेर मे महिना पेटलेला आणि आत एका थंडगार खोलीत, कपाटाएवढं ते यंत्र. इतर प्राध्यापक त्याचा वेग पाहून थक्क झाले. सर थक्क झाले ते एका चुकीने. कोणा गृहस्थांनी यंत्राला काहीतरी अर्धवट सांगितलं आणि ते एकच ओळ छापत सुटलं. कागद बाहेर येतोय, टेबलावरून खाली घसरतोय, जमिनीवर त्याचा ढीग होतोय, तरी यंत्र थांबेना. सगळे हसत होते. तिथला तज्ज्ञ म्हणाला, "गलती इसकी नहीं है. रुकने को किसी ने कहा ही नहीं."

सर हसले नाहीत. ही गोष्ट ते आम्हाला दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी शेवटी त्यांचा आवाज खाली यायचा. शिकवताना सर पुस्तकी मराठी बोलत, पण मनातलं काही सांगायचं झालं की अकोल्याची बोली वर यायची. "पोट्टेहो, जो आपलं ऐकत नाही ना, त्याले मी भेत नाही. माह्या घरी दोन आहेत तसे. पण जो सगळंच ऐकते, काही इचारत नाही, त्याले मी भेतो. तुमीही भ्या."

आम्ही भ्यालोच. पण यंत्र होतं कानपूरला, म्हणून भ्यायचं ते सरांनाच.

कानपूरहून येताना त्यांनी एक नियम आणला होता. शेवट आधी लिहायचा. कोणतंही काम सुरू करायच्या आत ते कुठे थांबणार, हे कागदावर पहिल्या प्रथम मांडायचं. गणितात हे चाललं असतं. सर ते संसारात चालवायचे. एकदा ते आमच्या घरी आले. उंबऱ्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "मी सहाला निघतो."

आई आतून बाहेर आली. "अवो सर, आलेच नाही अन् जायची गोष्ट?"

"जायचं ठरलं की मग येता येतं," सर म्हणाले आणि निवांत बसले. सहाला उठले. कढईत पोहे होते, आई हातात बशी घेऊन उभी होती, तरी उठले. आईने तो राग मरेपर्यंत धरला. त्याच सरांनी एका लग्नात वरातीच्या बँडसमोर उभं राहून मुलीच्या बापाला शांतपणे विचारलं होतं, "हे संपते कधी?" तो बिचारा घाबरून म्हणाला, "काहून सर, काही ऐकलं का तुमी?"

आता बुधवार. आमच्या संस्थेची दोन कॉलेजं होती, एक अमरावतीला आणि एक अकोल्याला. सर अर्धा आठवडा इथे, अर्धा तिथे. पाट्यांनी भरलेली एक पत्र्याची पेटी घेऊन ते गाडीने ये-जा करायचे. बुधवारी दुपारी इथे गणकयंत्राचा वर्ग. परीक्षेत नसलेला, कोणी न मागितलेला, फुकटचा वर्ग. यंत्र नाही म्हणून यंत्र आम्हीच व्हायचं. कोणी बेरीज करणारा, कोणी तुलना करणारा, आणि माझ्यासारखे आठ-दहा मठ्ठ म्हणजे स्मरणशक्ती. प्रत्येकाने एक पाटी धरून बसायचं आणि सांगितलेला आकडा सांगेपर्यंत सांभाळायचा. एकदा मी हातात सतरा असताना लघवीला गेलो. पाटी वर्गात राहिली म्हणून सगळ्या वाटेने "सतरा, सतरा" म्हणत पळत गेलो आणि तसाच आलो. वाटेत प्राचार्यांनी "काय रे, कसं चाललंय?" असं विचारलं. त्यांना मी "सतरा" असं उत्तर दिलं.

पण खरं यंत्र म्हणजे सर स्वतः. बुधवारी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ते सांगितलेलंच करायचे आणि सांगितलेलं सगळं करायचे. सरांच्या पत्नी बुधवारी मौन पाळायच्या. आळीतल्या बायकांना वाटायचं, बाईंचं काही कडक व्रत आहे.

एका बुधवारी प्राचार्यांनी सरांना खोलीत बोलावलं, "बसा, मी आलोच," म्हणाले, आणि मध्येच कोणी भेटायला आलं म्हणून निघून गेले ते तडक घरी. दिवस कलताना आमचे शिपाई गुलाबराव खोलीला कुलूप लावायला आले. आत अंधारत चाललेलं. त्या अंधारात खुर्चीवर एक आकृती ताठ बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. गुलाबरावांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. "माय व माय!"

"गुलाबराव, मी आहे."

"सर? तुमी काहून बसले इथं एकटे?"

"बसा म्हटलं त्यांनी."

"मंग आता?"

"आता तू ऊठ म्हण."

"मी शिपाई माणूस. मी तुमाले ऊठ कसा म्हनू जी?"

"म्हण गुलाबराव. पाय सुन्न झाले."

गुलाबरावांनी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, जीव मुठीत धरून ते म्हटलं. त्यानंतर बुधवारी गुलाबराव सरांशी कधी काही सांगण्याच्या भाषेत बोलले नाहीत. चहा आणायचे आणि हवेकडे पाहून म्हणायचे, "चहा आलेला आहे. कोनी प्यावा, नाही प्यावा, आपलं काही म्हननं नाही."

इथवर हसायला ठीक होतं. भीती खरी बसली ती सुदामच्या चहाने.

सुदाम आमच्या वर्गातला. पातूरकडचा, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. त्याचे वडील मजुरीला जायचे. धम्म घेतल्यापासून बापाने एकच धरलं होतं, पोरगा शिकला पाहिजे. सुदाम बोलायचा कमी आणि लिहायचा नेमकं. सरांचा त्याच्यावर जीव होता. सरांनी आम्हाला चहा कसा करायचा ते लिहून आणायला सांगितलं होतं आणि वर्गात टेबलावर स्टोव्ह पेटवला होता. सुदामचा कागद आला. पाणी स्टोव्हवर ठेवा. बोट घालून पाहा. कढत झालं की पत्ती टाका.

सरांनी पाणी ठेवलं. बोट घातलं. आणि तसेच उभे राहिले.

बोट बाहेर काढा, असं कागदात कुठेच नव्हतं.

पातेल्याच्या तळाशी बुडबुडे धरू लागले. सरांच्या कपाळावर घाम आला. आम्ही पाट्या धरून दगडासारखे बसलो, कारण नियम होता: यंत्र चालू असताना हात लावायचा नाही, तोंड चालवायचं नाही. चूक दिसली तर कागदावर दुरुस्त करायची. कोणीतरी "सर, सर" म्हणालं. सर हलले नाहीत. सुदामने झेप घेतली, कागद ओढला, दौत उलटली, शाईच्या थारोळ्यात त्याने "बोट काढा" असं लिहिलं आणि कागद सरांच्या डोळ्यांपुढे धरला. सरांनी वाचलं. बोट काढलं. पत्ती टाकली. मग भाजलेलं बोट तोंडात धरून म्हणाले, "आता बरोबर झालं."

सुदाम रडायला लागला. सर त्याला म्हणाले, "रडून नको राहू, बाबू. मी वाचताना सांभाळून घेतलं असतं तर तुले कधीच समजलं नसतं."

त्या दिवशी आम्हाला कळलं की हा माणूस नाटक करत नाही. हा स्वतःला वगळत नाही. त्यानंतर सरांसाठी लिहिलेला कागद आम्ही चार-चारदा वाचून मगच त्यांच्या हाती द्यायचो.

सरांना एकच गोष्ट हवी होती. हा विषय बी. एस्सी.ला ऐच्छिक पेपर म्हणून लागावा. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर ते निवडून गेले होते आणि मंडळाची बैठक आली की पेटी उचलून नागपूरला जायचे. तिथे दर वेळी तोच ठराव मांडायचे आणि दर वेळी अध्यक्ष तो फेटाळायचे.

हे अध्यक्ष म्हणजे प्रस्थ. धोतर, काळा कोट, हातात छत्री, भव्य कपाळ आणि त्याहून भव्य पोट. त्यांची भाषा अशी, की "पाणी द्या" म्हणायच्या जागी ते "जलपानाची सिद्धता असावी" म्हणत. त्यांचा गाव म्हणे दर्यापूरकडचा, पण त्यांच्या बोलण्यात तो गाव कुठे सापडायचा नाही. बैठकीतला त्यांचा आणि सरांचा संवाद सरच आम्हाला करून दाखवायचे.

"आपल्या महाविद्यालयात यंत्र आहे?"

"नाही."

"मग आपण शिकवता काय?"

"यंत्राला काय सांगायचं ते."

"म्हणजे अश्व नाही, आणि लगामाचा अभ्यासक्रम!"

सगळे हसायचे. सर पेटी उचलून परत यायचे आणि पुढच्या बैठकीला पुन्हा जायचे. शेवटी अध्यक्ष कंटाळले. म्हणाले, आम्ही तीन सदस्य अमरावतीस येतो. आपले हे मनुष्ययंत्र आम्हास दाखवा. पटले तर पेपर मंजूर. न पटले तर हा विषय पुन्हा निघणार नाही. प्राचार्यांनी त्याला आपली शेपटी जोडली. न पटल्यास बुधवारचा वर्गही बंद, आणि सर कायमचे अकोल्याला, पहिल्या वर्षाचं बीजगणित शिकवायला.

अध्यक्षांना वाटत होतं की यात संगनमत आहे, पोरं खाणाखुणा करतात. म्हणून त्यांनी अटी घातल्या. सूचनांचा कागद आधी नागपूरला पाठवायचा, मोहोर लावून. त्यात नंतर एक अक्षर बदलायचं नाही. सरांनी तो पाठ करायचा. प्रत्यक्षात डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, आणि कोणीही स्पर्श केला तर प्रात्यक्षिक रद्द.

कागद सुदामने लिहिला. सरांनी सांगितल्याप्रमाणे शेवट आधी लिहिला: वर्गातल्या खुर्चीवर बसा आणि थांबा. मग सुरुवात. वर्गातून मैदानात उतरा. तोंड उगवतीकडे करा. भिंत लागेपर्यंत चालत राहा. भिंत लागली की उजवीकडे वळा. एक हात भिंतीला लावून फाटक लागेपर्यंत चालत राहा. तिथून वळून परत वर्गात. आम्ही सगळ्यांनी तो तपासला. बोट घालायची जागा कुठे नव्हती. कागद नागपूरला गेला.

समिती यायची होती त्या सकाळी मी आणि सुदाम लवकर कॉलेजात पोचलो. दिवाळी होऊन गेलेली, हवेत गारवा, आणि आमच्या मैदानापलीकडच्या रस्त्यावरून सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या बंड्यांची रांग लागलेली. ती रांग आम्हाला मैदानातून दिसली. मैदानातून रस्ता कधी दिसत नसे.

सुदामने माझा दंड धरला. "अबे, भिंत कुठं हाय?"

भिंत नव्हती. समितीची मोटार थेट आत यावी म्हणून प्राचार्यांनी मोठ्या हौसेने नवं फाटक काढायला घेतलं होतं. आदल्या दिवशी मजूर लावून उगवतीच्या बाजूची भिंत बरोबर मधोमध पाडली होती. उरली होती ती दोन्ही टोकांना. मध्ये विटांची रास बाजूला सारलेली आणि बैलगाड्या दिसाव्यात एवढं भगदाड.

सर अकोल्याहून येत होते. आम्ही रस्त्यावर जाऊन त्यांचा टांगा अडवला. मी म्हणालो, "सर, भिंत पाडली."

सरांनी तपकिरीची डबी काढली. झाकण उघडायला त्यांना वेळ लागला. 

"भिंतीपलीकडे काय आहे?"

"रस्ता हाय सर," सुदाम म्हणाला.

"मग?"

"मंग वावर. पडीक."

"मग?"

"मंग मले माहीत नाही."

 सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "थांबा लिहिलं आहे. पहिल्या ओळीत लिहिलं आहे. पण तिथवर पोचलोच नाही तर? हे मले कसं नाही सुचलं?"

"सर, त्याइले सांगा ना, भिंत पाडली म्हणून. सोपं हाय."

"कागद बंद झाला, बाबू. आता बदलला तर ते म्हणतील, पाहा, माणूस आहे म्हणून सांभाळून घेतलं. यंत्र नसतंच." डबी तशीच बंद करून त्यांनी खिशात टाकली. "मी भेऊन राहिलो. खोटं नाही सांगत. पण कोणी मले हात लावायचा नाही. सुदाम, तू तर नाहीच."

मला आजवर पुष्कळ शूर माणसं भेटली. त्यांच्यातला एकही "मी भेऊन राहिलो" असं म्हणून टांग्यातून उतरलेला नाही.

समिती आली. पाडलेल्या भिंतीतून मोटार थाटात आत आली. अध्यक्षांनी मैदानात चुन्याची रेघ मारून घेतली. "विद्यार्थिवर्ग या रेषेचे उल्लंघन करणार नाही." आपल्या खिशातला मोठा रुमाल काढून त्यांनी स्वतःच्या हाताने सरांचे डोळे बांधले. कानात घालायला काही सापडेना. तेव्हा गुलाबराव रस्त्यावरच्या बंडीतून मूठभर कापूस घेऊन आले, आणि तोही अध्यक्षांनी स्वतः सरांच्या कानात दाबून बसवला. मग छत्री काखेत मारून ते सरांच्या दोन हात मागे उभे राहिले, कोणी लबाडी करू नये म्हणून.

सर वर्गातून उतरले. उगवतीकडे वळले. दोन्ही हात पुढे धरून चालू लागले.

मैदान ओलांडलं. भिंतीच्या जागी आले. हात हवेत चाचपडले. भिंत लागली नाही. सर चालत राहिले.

प्राचार्यांना आता कुठे उमगलं की काहीतरी चुकलं. "अहो, ते बाहेर चाललेत!" ते ओरडले. अध्यक्षांनी मागे वळून इतर दोघा सदस्यांकडे पाहिलं आणि मिशीत हसले. "जाऊ द्या. यंत्र किती बुद्धिमान आहे ते तरी दिसेल."

सर रस्त्यावर उतरले. बंड्यांची रांग चाललेली, कापसाने टम्म फुगलेली. एका बंडीवाल्याने जिवाच्या आकांताने कासरा ओढला. बैल मान वाकडी करून थांबले. "ओ मास्तर! मरता काय? आंधळे झाले का?" सरांना काय ऐकू येणार? आम्ही रेघेवर उभे राहून मनात एकच घोकत होतो, लागू दे रे बाबा, बंडीची फळी तरी लागू दे. भिंत समजून वळतील. थांबलेल्या बंडीच्या आणि पुढच्या बंडीच्या मधून, दोन्ही हात पुढे धरून, सर सुतासारखे सरळ निघून गेले. काही लागलं नाही.

दोघे सदस्य रस्त्यापाशीच थांबले. त्यांच्या पायात नवे बूट होते. प्राचार्य कपाळाला हात लावून उभे. पडीक वावरात, गुडघाभर वाळल्या गवतातून फक्त दोघंच पुढे चालले होते. पुढे आमचे सर आणि मागे छत्री घेतलेले अध्यक्ष, सहलीला निघाल्यासारखे.

तेवढ्यात गुलाबराव किंचाळले. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"इहीर! सायब, तिकडं इहीर हाय! काठ नाही तिले!"

आम्ही रेघ तोडली. सुदाम सगळ्यांच्या पुढे होता. पण मध्ये रस्ता होता, थांबलेले बैल बिथरले होते, आणि वावर लांब होतं. धावताना मला दिसलं, गवताच्या मधोमध एक काळा गोल. त्या गोलाकडे सर एकसारख्या पावलांनी चालले होते.

अध्यक्षांनाही तो दिसला. त्यांच्या काखेतली छत्री पडली. "थांबा!" ते ओरडले. "प्राध्यापक महाशय, थांबा!" सर चालत राहिले. अध्यक्षांनी हात उंच करून हलवले. सरांच्या डोळ्यांवर अध्यक्षांचाच रुमाल होता. कानात अध्यक्षांनीच दाबलेला कापूस होता. आणि या माणसापर्यंत पोचायची प्रत्येक वाट अध्यक्षांनीच एकेक करून बंद केलेली होती.

मग तो भव्य गृहस्थ धावला. धोतर एका हाताने धरून, गवतातून ठेचकाळत, सरांना वळसा घालून पुढे गेला. विहिरीकडे पाठ करून आणि दोन्ही हात फाकून सरांच्या समोर उभा राहिला. त्याच्या टाचेखालचे खडे सुटले. ते खाली पाण्यात पडल्याचा आवाज बऱ्याच उशिरा आला.

लोक मला नेहमी विचारतात, त्यांनी सरांना मागूनच का धरलं नाही? मला वाटतं, तोवर त्यांनाही तो कागद कळला होता.

आता सरांच्या शिस्तीप्रमाणे शेवट आधी सांगतो.

सरांचे हात अध्यक्षांच्या पोटाला लागले. सर थांबले. त्यांनी पोट दोन्ही तळव्यांनी नीट चाचपून पाहिलं आणि उजवीकडे वळले. पण पुढची ओळ होती, एक हात भिंतीला लावून फाटक लागेपर्यंत चालत राहा. म्हणून अध्यक्षांना भिंत म्हणून बरोबर चालावं लागलं. काळ्या कोटावर सरांचा डावा हात, आणि अध्यक्ष खेकड्यासारखे आडवे आडवे चालताहेत, वावरातून, रस्त्यावरून, बंड्या थांबवत, जुन्या फाटकापर्यंत. त्यांनी एकदाही आपलं अंग काढून घेतलं नाही. सर वर्गात शिरले, खुर्चीवर बसले आणि थांबले. सुदामने त्यांच्या कानातला कापूस काढला. 

"भिंत जरा मऊ लागली," सर म्हणाले. "पण कागदात मऊ-कडक काही लिहिलं नव्हतं."

कोणी त्यांना विहिरीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्यानंतर बुधवारी ते यंत्र झाले नाहीत. सरांच्या पत्नी बुधवारीही बोलू लागल्या.

पेपर मंजूर झाला. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी स्वतः ठराव मांडला आणि कोणी हसलं तर त्याच्याकडे असं पाहिलं, की तो हसू गिळायचा. सुदाम कानपूरला गेला. सरांनी पुढे कित्येक वर्षं तो पेपर शिकवला, समित्यांवर बसून बसून दुसऱ्या गावांच्या कॉलेजांतही तो लावून घेतला. वर्गात मात्र आता ते शेवट आधी लिहा म्हणून थांबत नसत. "अन् तिथवर पोचाल कसे, तेही लिहा," म्हणत, आणि खिडकीतून उगवतीकडे पाहत. तिथे भिंत पुन्हा बांधली होती. त्या वावरातल्या विहिरीला अध्यक्षांनी स्वतः खटपट करून काठ बांधवून घेतला.

एवढं सगळं लोक मानतात. एक गोष्ट मानत नाहीत. विहिरीकडे पाठ करून उभे असताना अध्यक्ष काय ओरडले, ती. ते असं बोलूच शकत नाहीत, म्हणतात. जलपानाची सिद्धता म्हणणारा माणूस! पण आम्ही सगळे धावत होतो, वारा आमच्याकडे वाहत होता, आणि ज्याच्यासाठी ते ओरडले त्या एकाला सोडून ते साऱ्या वावराने ऐकलं. टाचा विहिरीच्या कडेवर, हात फाकलेले, डोळे मिटलेले, आणि दर्यापूरकडचा गाव एका दमात घशाशी आलेला:

"मी भिंत आहो, मास्तर! भिंत आहो मी! लागली तुमाले भिंत, आता वळा ना बाप्पा उजवीकडं!"